चिंता देवाच्या पायाशी कशी ठेवावी: कोकण किनाऱ्याने शिकवलेली रीत

कोकणात देवावर भरवसा ठेवणारी माणसं भरपूर आहेत आणि रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणारीही भरपूर आहेत. बऱ्याचदा ती एकच माणसं असतात. सकाळी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून आलेला बागायतदार दुपारपासून मोबाइलवर पावसाचा अंदाज बघत बसतो. मुंबईतल्या मुलाचा फोन आला नाही की आईच्या घशाखाली घास उतरत नाही. देव आहे, तो राखणदार आहे, हे त्यांना मनापासून पटलेलं असतं. पटलेलं रोजच्या दिवसात उतरवायचं कसं, ते मात्र कुणी बसून सांगितलेलं नसतं. "देवावर सोड" एवढं सगळेच सांगतात. सोडायचं म्हणजे हाताने, तोंडाने, डोक्याने नेमकं काय करायचं, यासाठी हा लेख आहे.

देवावर सोपवणं म्हणजे आपल्या कामाची हद्द ओळखणं, हद्दीतलं काम चोख करणं आणि पलीकडे जे आहे ते त्याच्याकडे राहू देणं, असं मला वाटतं. आपल्या किनाऱ्यावरचे जीव असेच जगतात. त्यांचं बघून एकेक पायरी चढता येते. सगळ्या पायऱ्या एकदम चढायची गरज नाही. पण क्रम शक्यतो मोडू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्या कच्च्या राहिल्या तर पुढच्या टिकत नाहीत.

पहिली पायरी: गाऱ्हाणं घाला, आणि नेमकं घाला

दक्षिण कोकणात देवळात गाऱ्हाणं घालताना ऐकलंय? देवापुढे गावकर किंवा मानकरी उभा राहतो आणि मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत देवाला परिस्थिती सांगतो. जमलेली माणसं मधूनमधून "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतात. यात देवाची स्तुती थोडी आणि व्यवहार जास्त असतो. कोण आलंय, कुठल्या घरातलं, काय अडलंय, काय हवंय, सगळं नावानिशी. आंबा बागायतदाराच्या घरचं गाऱ्हाणं साधारण असं होईल:

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे इलां हा. सोसायटीचां दोन लाखांचां कर्ज डोक्यार आसा, मार्चात भरूचां आसा. औंदा मोहर उशिरान इलो. फवारणी केलंय, विमो भरलंय, राखण ठेवलंय. जां माझ्या हातात होतां तां केलंय म्हाराजा. आता थंडी, वारो, पाऊस तुझ्या हातात. काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल आणि ह्या घराक सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात रक्कम आहे, महिना आहे, केलेल्या कामांचा हिशेब आहे आणि शेवटी देवाकडे काय दिलं तेही स्पष्ट आहे. "माझं सगळंच कठीण झालंय" हे गाऱ्हाणं होत नाही. अशा वाक्याला कडा नसतात, म्हणून ते दिवसभर डोक्यात पसरत राहतं. चिंतेला नाव, रक्कम आणि तारीख दिली की तिचा आकार दिसतो, आणि आकार दिसलेली वस्तूच उचलून दुसऱ्याच्या हातात देता येते.

घरी हे करायचं तर देव्हाऱ्यापुढे किंवा तुळशीपाशी उभे राहा आणि तोंडाने बोला. मनातल्या मनात नको. मनातलं वाक्य अर्ध्यावर वळतं आणि पुन्हा चिंतेत शिरतं, बोललेलं वाक्य पुरं करावं लागतं. तीन गोष्टी सांगा: काय झालंय, मी काय केलंय, आणि आता तुझ्याकडे काय देतोय. मधल्या गोष्टीला सांगण्यासारखं काही नसेल तर गाऱ्हाणं थांबवा, दुसऱ्या पायरीवर जा, काम करा आणि मग परत या.

"व्हय म्हाराजा" म्हणणारं एक माणूसही लागतं. ज्याच्यापाशी शब्द राहतो असा एक जण निवडा: बायको, भाऊ, शेजारची काकी. एकच. दहा जणांना सांगितलेली चिंता दहा सल्ले घेऊन परत येते.

कौलाबद्दल एक सांगणं गरजेचं आहे. कौल लावणं, म्हणजे देवाला प्रश्न विचारून हो-नाहीचा संकेत घेणं, ही आपल्याकडची जुनी आणि मानाची रीत आहे. पण मनासारखा कौल मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहणं हे भरवशाच्या उलट आहे. आणि जो बुवा तुमची भीती वाढवून पैसे मागतो, अमकं केलं नाहीत तर घर बसेल म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. अशा फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. राखणदार देव आपल्या लेकराला घाबरवत नाही.

दुसरी पायरी: हद्द आखा

यासाठी आंब्याच्या मोहरासारखा गुरू नाही. एका तुऱ्यावर शेकडो फुलं असतात, काही तुऱ्यांवर हजाराच्या वर. त्यातली बरीचशी नर फुलं, त्यांना फळ धरतच नाही. संयुक्त, म्हणजे नर आणि मादी दोन्ही भाग असलेल्या, फुलांपैकी थोड्यांचं परागीभवन होतं, त्यांची कणी होते, कणीचा वाटाणा, वाटाण्याची गोटी, गोटीची सुपारी, आणि प्रत्येक टप्प्यावर गळ होते. शेवटी तुऱ्याला एखाददुसरं फळ टिकलं तरी बागायतदार खूश असतो. गळ पाहून नवा माणूस हादरतो. जुना माणूस खाली पडलेली कणी उचलून तिच्यावर कीड किंवा करपा आहे का ते बघतो. रोग असेल तर उपाय करतो. रोग नसेल तर झाड आपल्या ताकदीएवढं ठेवतंय हे जाणून पुढच्या झाडाकडे जातो.

पडलेली कणी उचलून बघणं हे आपलं काम. किती टिकायची ते ठरवणं झाडाचं आणि झाडाच्या धन्याचं. हद्द इथे आहे.

आता वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिला: आजचं. दुसरा: वेळ आल्यावरचं. तिसरा: माझं नव्हे. डोक्यात घोळणारी प्रत्येक गोष्ट यातल्या कुठल्यातरी एका रकान्यात टाका.

हापूसच्या बागेचं उदाहरण घेऊ. तुडतुडे आणि भुरी यांवर लक्ष ठेवणं, दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारणी करणं, हे आजचं. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा अर्ज जाहीर झालेल्या मुदतीत भरणं, पेटी बांधायला माणसं सांगून ठेवणं, हे वेळ आल्यावरचं. रात्रीचं तापमान, धुकं, फेब्रुवारीतला अवकाळी पाऊस, वाशीच्या बाजारातला दर, हे माझं नव्हे.

मुलाची मुंबईत मुलाखत आहे. त्याच्या प्रवासाचे पैसे देणं, आदल्या रात्री एकदाच फोन करून "नीट जा रे बाबा" म्हणणं, हे आजचं. निकालानंतर त्याच्याशी बोलणं वेळ आल्यावरचं. समोर बसलेल्या साहेबांच्या मनात काय येईल ते माझं नव्हे. वडिलांची शस्त्रक्रिया असेल तर कागदपत्रं, रक्ताची सोय, कुणी कधी थांबायचं याची पाळी हे आजचं. टेबलावर डॉक्टरांचा हात कसा चालेल, ते माझं नव्हे.

लोक चुकतात ते मधल्या रकान्यात. पुढच्या वर्षीच्या लग्नाची काळजी आज रात्री करायला घेतात. आपल्या भातशेतीने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, धूळवाफेवर पेरणी होते ती रोहिणी नक्षत्रात, मे महिन्याच्या अखेरीला. पाऊस आलेला नसतो, जमीन कोरडी असते, तरीही शेतकरी हातातलं बी मातीत टाकतो, कारण जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो हे त्याला ठाऊक असतं. पावसाच्या भरवशावर कोरड्या धुळीत बी टाकायचं याला विश्वास लागतो. पण तोच शेतकरी ते बी एप्रिलमध्ये टाकत नाही. म्हणून दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे तारीख लिहा. तारीख लिहिली की ती गोष्ट त्या दिवसाची झाली, आजच्या रात्रीची उरली नाही.

तिसऱ्या रकान्याखाली रेघ मारा. तो रकाना गाऱ्हाण्यात जातो.

तिसरी पायरी: आगोट एकाच पावसाळ्याची भरा

"देवावर विश्वास आहे तर साठवण कशाला?" असं विचारणारे भेटतात. त्यांना मे महिन्यातलं कोळीवाड्यातलं किंवा कुठल्याही वाडीतलं घर दाखवावं. अंगणात सुकट, बोंबील, सोडे वाळत असतात. आमसुलं, फणसाची साटं, कुळीथ, तांदूळ, मीठ, लाकूडफाटा, सगळं घरात येत असतं. पावसाळ्याआधीच्या या साठवणीला आगोट म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा तो काळ. होड्या वर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात. दोन महिने दर्याकडून काही मागायचं नाही, हे ठरलेलं असतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो आणि मग विश्वासाने पुन्हा बोट पाण्यात जाते.

या रितीत बेगमी आहे आणि बेगमीला शेवटही आहे. कुणी तीन पावसाळ्यांची सुकट भरत नाही, तिला कीड लागते.

आपल्या घरातही असंच करा. तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे हळूहळू बाजूला टाका, आरोग्य विमा घ्या, कागदपत्रं एका पिशवीत ठेवा. हे विश्वासात कमी पडल्याचं लक्षण नाही, हे आपल्या हद्दीतलं काम आहे. एकदा एवढं झालं की मुलाच्या मुलाचं कसं होईल याचा हिशेब मांडायला बसू नका. तो पावसाळा अजून आलेला नाही, आणि त्याची आगोट भरणारे हात त्या वेळी असतील.

चौथी पायरी: एक भरती थांबा

भीतीच्या भरात घेतलेले निर्णय कोकणाने फार सोसलेत. मोहर गळला म्हणून घाईने बाग पडेल त्या दरात व्यापाऱ्याला देणं. मुलाला नोकरी नाही म्हणून वडिलोपार्जित कातळ विकून टाकणं. फोनवर रागाने दोन शब्द बोलून घर तोडणं.

यावर समुद्राने दिलेला उपाय असा. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. जुनी माणसं तिथीवरून वेळ काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. मुंबईच्या बाजूला हा हिशेब बराच जुळतो. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते, तेव्हा आपल्या खाडीवरच्या माणसाला विचारून घ्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढउताराची भरती-ओहोटी. उधाणाला बांधापर्यंत आलेलं पाणी बघून कुणी "आता समुद्र गावात शिरणार" म्हणत नाही. सहा-साडेसहा तासांनी ते उतरतं, आणि आठवड्याने तिथे पाणी पोचतही नाही.

नियम असा करा: भीती वाटत असताना मोठा निर्णय घ्यायचा नाही, एक भरती आणि एक ओहोटी जाऊ द्यायची. जमीन, सोनं, नोकरी, नातं यांच्याबद्दलचा निर्णय असेल तर उधाण ते भांग, म्हणजे आठवडाभर थांबा. किनाऱ्यावर राहत असाल तर संध्याकाळी पाण्याच्या कडेला वाळूत एक काठी रोवा, पूर्ण भरतीची वेळ काढा आणि पाणी वळताना बघा. लाट काठीला भिजवते, ओलांडते, मग एका लाटेनंतर काठीपर्यंत पोचत नाही. पाणी कुणाच्याही सांगण्याने वळत नाही आणि कुणाच्या काळजीने थांबत नाही. हे डोळ्यांनी बघितलेलं माणूस कागदावर सही करताना थोडा दम धरतं.

थांबायचं नाही अशाही वेळा असतात. साप चावला, छातीत दुखू लागलं, पाणी घराच्या पायरीला लागलं, तर थांबू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा अनेकांना माळ्यावर आणि छपरावर रात्र काढावी लागली. हवामान खात्याचा इशारा आला, पोलीस पाटलाने हलायला सांगितलं, तर देवाचं नाव घ्या आणि आधी हला. इशारा हाही राखणदाराचा आवाज असू शकतो, असं मी मानतो.

पाचवी पायरी: पुरून मागे फिरा

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर, तसंच आंजर्ले, गुहागर, वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी इथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूवर येते. भरतीच्या रेषेच्या वर जागा निवडते. मागच्या पायांनी आळीपाळीने वाळू उपसून दीडेक फूट खोल खड्डा करते. एका पायाने वाळू काढायची, दुसऱ्याने तोंडाशी आलेली बाजूला सारायची, घाई नाही. मग शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते, अंगाने वाळू दाबते, आजूबाजूची वाळू विस्कटून जागेची खूण मोडते आणि समुद्रात परत जाते. अंडी उबवायला ती बसत नाही. ते काम वाळूची ऊब करते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात आणि पाण्यावरच्या उजेडाच्या दिशेने निघतात. त्यांना वाट दाखवायला आई नसते.

तिने आपलं काम किती नेटाने केलं ते बघा: जागा, खोली, दाब, खूण मोडणं. एकही पायरी गाळली नाही. आणि नंतर किती पूर्णपणे सोडलं.

आपण नेमकं उलटं करतो. अर्धवट काम करतो आणि मग दिवसभर वाळू उकरून बघतो. अर्ज भरला की तासातासाला पोर्टल उघडतो. रक्त तपासायला दिलं की रिपोर्ट यायच्या आधी इंटरनेटवर सगळे आजार वाचून काढतो. या पायरीवरचा अभ्यास असा: सोपवलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी बघायची एक वेळ ठरवा. हवामानाचा अंदाज सकाळी सात वाजता एकदा. अर्जाची स्थिती सोमवारी एकदा. मुलाचा फोन रविवारी रात्री, आणि अधेमधे त्याने केला तर आनंद. ठरलेल्या वेळेखेरीज हात मोबाइलकडे गेला तर तेवढ्यापुरतं "दिलंय तुझ्याकडे" म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. सुरुवातीला हे दिवसात पुष्कळदा म्हणावं लागेल. लागू द्या.

वेळासची आणखी एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. गावातली माणसं पहाटे किनारा तुडवतात, घरटं सापडलं की अंडी हलक्या हाताने काढून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरतात, आणि पिल्लं वर आली की पाण्याच्या कडेशी सोडतात. मादीला यातलं काही माहीत नाही. ती ज्याच्या भरवशावर परत गेली, त्याने या माणसांना पहाटे उठवलं. देवाची राखण बहुतेक वेळा अशीच कुणाच्यातरी हातांनी येते. म्हणून आपली चिंता सोपवताना आसपास बघा, आपण कुणाच्या पुरलेल्या अंड्यांवर पहारा देऊ शकतो. शेजारच्या म्हातारीची औषधं शहरातून आणून देणं एवढंही पुरतं. दुसऱ्याची राखण करताना स्वतःची भीती हलकी होते, हे करून बघण्यासारखं आहे.

सुगरण आणि नकार

तरुण मुलांसाठी ही छोटी पायरी. पावसाच्या तोंडावर विहिरीवर झुकलेल्या फांदीला किंवा माडाच्या झावळीला सुगरण पक्ष्याचा नर घरटं विणतो. अर्धं विणून झालं की मादी येते, आत शिरून बघते. पसंत पडलं तर तो पुढे नळीपर्यंत विणतो. पसंत नाही पडलं तर ते अर्धं घरटं तसंच लोंबत राहतं आणि तो शेजारी दुसरं विणायला घेतो. परीक्षा, मुलाखत, स्थळ यांत नकार आला तर दोन दिवस वाईट वाटू द्या. मग घरटं का नाकारलं ते एकदाच तपासा आणि दुसरी फांदी बघा. पाऊस अजून आहे, गवत अजून उंच होतंय.

सहावी पायरी: वाडी पडते तेव्हा

ही पायरी अवघड आहे. सगळं नीट करूनही जातं. कासवाच्या पिल्लांपैकी फार थोडी मोठी होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी, दापोली-मंडणगडचे माड, आंबे, काजू, काही तासांत आडवे झाले. घरांवरची कौलं, पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या जखमा बुजतायत तोवर पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. आजोबांच्या हातची वाडी, म्हणजे माड-सुपारीची बाग, गेलेल्या माणसाला "देवाची इच्छा" म्हणून निघून जाणं हे पाप आहे, इतकं स्पष्ट मी म्हणेन.

अशा वेळी काय करावं?

आधी रडा, आणि देवाला जाब विचारा. गाऱ्हाण्यात त्याला मुभा आहे. "तू राखणदार असताना ह्यां कसां झालां म्हाराजा?" असं विचारणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो, तो अजून त्याच्याशीच बोलत असतो. गप्प बसलेल्या माणसाची जास्त काळजी वाटावी.

मग आपल्या हद्दीतलं काम: फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, पावत्या जपा. वाईट वाटत असतानाही हे करता येतं, आणि करायला हवं. मदत आली तर मान खाली न घालता घ्या. कोयता आणि करवत घेऊन आलेल्या शेजाऱ्याला "कशाला आलास" म्हणू नका.

आणि मग लावणी. आडवी झालेली झाडं तोडून वाट मोकळी झाल्यावर वाडीत आधी केळ लावतात. सुपारीचं कोवळं रोप कडक उन्हात करपतं, त्याला सावली हवी असते, ती केळ देते. केळीचा घड वर्ष-दीड वर्षात हाती येतो, घरात चार पैसे येतात, आणि तिच्या आडोशाला सुपारी हळूहळू उंच होते. मोठं काही गमावलेल्या माणसाने हाच क्रम धरावा. ज्याला वर्षं लागणार आहेत ते लावाच, पण त्याच्या शेजारी लवकर फळ देणारं काहीतरी लावा: एखादं छोटं काम, आठवड्याचं भजन, मुलांची शिकवणी, परड्यातली भाजी. माणूस गेलं असेल तर हे आणखी सावकाश. वर्षश्राद्धापर्यंत कुणाकडून उमेदीची अपेक्षा करू नका. सोबत बसा, चहा करून द्या.

रोज तिन्हीसांजेला

दिवेलागणीला दिवा लावल्यावर दहा मिनिटं पुरतात. वही उघडा, आजच्या रकान्यातलं जे झालं त्यावर काट मारा, उरलेल्यापुढे तारीख घाला, तिसरा रकाना मोठ्याने वाचून देवापुढे ठेवा. मग पाच मिनिटं नाम. पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनी सोऽहम् साधना शिकवली. स्वतः मोठं आजारपण सोसलेला हा संत एका लहानशा गावात शांतपणे बसून असे आणि माणसं त्यांच्याकडे येत. त्यांच्या वाटेवरचे लोक श्वास आत घेताना "सो" आणि सोडताना "हम्" असं अनुसंधान ठेवतात. तुमच्या घरी रामनाम असेल तर रामनाम, जपमाळ असेल तर जपमाळ. घरात चालत आलेलं नाव सगळ्यांत लवकर जवळ येतं.

रात्री तीनला जाग आली तर दिवा लावून वहीत एक ओळ लिहा आणि वही मिटा. हवामानाचं अ‍ॅप उघडू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, छातीत सारखी धडधड, कशातच मन नाही, किंवा जगू नये असं वाटतंय, तर हे चिंतेच्या पलीकडचं आहे आणि त्याला औषध आहे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयातही विचारता येतं. घरातलं कुणी असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, सोबत घेऊन जा. ताप आल्यावर गोळी घेताना आपला विश्वास कमी होत नाही, तसंच हे. देवळातला अंगारा लावा आणि डॉक्टरांच्या गोळ्याही वेळेवर घ्या.

सुरुवात कुठून

ज्या महिन्यात हे वाचताय तिथूनच. मे असेल तर आगोट भरताना तिसरी पायरी आपोआप हाताला लागेल, घरातल्या लहानांनाही मोजमाप करायला बसवा. जूनमध्ये विहिरीवरची सुगरणीची घरटी मुलांना दाखवा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना त्या वर्षीची एकच चिंता निवडा आणि नाव घेऊन सोडा. नोव्हेंबर-डिसेंबरात मोहर फुटताना तीन रकान्यांची वही घाला. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान वेळासला किंवा आंजर्ल्याला जमलं तर जाऊन या. पिल्लं सोडण्याची वेळ साधारण सकाळची आणि संध्याकाळची असते. जायच्या आधी गावात फोन करून घरटी उघडायला आली आहेत का ते विचारा, मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी करा, आणि किनाऱ्यावर टॉर्च किंवा मोबाइलचा उजेड पाडू नका.